काचेवर चिकटवलेलं दुकान

समजा, तुम्ही गाडीतून चाललाय. रस्त्याकडेला मटणाचं दुकान दिसतं, आत माल भरलेला. उतरून जवळ गेलात की कळतं, अरे, हे तर स्टिकर आहे!

गाव बेलकू, उत्तर आयर्लंड. जून २०१३ मध्ये जवळच लॉक अर्नला जी-८ परिषद भरली होती. मंदीनंतर ओस पडलेल्या दुकानांच्या काचांवर भरलेल्या दुकानांचे फोटो लागले. धावत्या गाडीतून फरक कळत नाही ना!

युक्ती जुनीच. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये महामार्गालगतच्या पडीक इमारतींना पडदे, कुंड्या छापलेलं विनाइल लावलं होतं. टीका झालीच. हा पैसा घरांच्या दुरुस्तीला का नाही, असं कुणालाही वाटेल.

बेलकूचे पाहुणे दोन दिवसांचे. गावकरी मात्र त्या काचेसमोरून रोज पायीच जाणार होते.