पन्हं कुठे बसून प्यायचं?

गेल्या चैत्रात आईने पाच लिटर पन्हं केलं. आमच्या मजल्यावर फ्लॅट चार, माणसं मोजून तेरा. "सगळ्यांना बोलव, गौरीचं हळदीकुंकू आहे," असं म्हणून ती वेलदोडे कुटायला बसली. मी बोलावलं. सगळे "हो येतो ना" म्हणाले. आणि मग प्रश्न पडला, की बसवायचं कुठे? हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल. बाहेर लॉबी आहे, पण तिथे 'कॉमन पॅसेजमध्ये खुर्च्या, सायकली, चपलांचे स्टँड ठेवू नयेत' अशी सोसायटीची पाटी. (पाटी बरोबरच आहे. आग लागली तर पळायची वाट तीच.)

पन्हं तयार, माणसं तयार, जागा नाही. तर मंडळी, या वीकांताचा विषय हा.

पन्हं हा शब्द संस्कृत 'पानक'वरून आला. म्हणजे पेयच. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात पेयांवर 'पानीयभोग' असं वेगळं प्रकरण आहे. राजाने काय खावं यासोबत काय प्यावं हेही त्यात आलं. दक्षिणेत रामनवमीला गूळ-सुंठीचं पानकम् देतात, ते आपल्या पन्ह्याचं सख्खं भावंड. आपण त्यात कैरी आणली. कैरी उकडायची, गर काढायचा, गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, घामातून गेलेलं मीठ भरून काढायचं असतं. कोकणात हेच काम कोकम करतं. उन्हाळा संपता संपता रातांबे पिकतात, सालं साखरेत मुरवली की वर्षभराच्या सरबताची सोय.

पण पन्हं एकट्याने प्यायचं पेय नव्हतं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला, म्हणजे बरोबर महिन्याने, जाते. या महिन्यात सोयीच्या कुठल्याही दिवशी हळदीकुंकू. अंगणात चैत्रांगण, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटीत भिजवलेले हरभरे, आणि हातात आंब्याची डाळ नि पन्हं. तारीख एक नसल्यामुळे आज या घरी, उद्या त्या घरी, असा महिनाभर बायकांचा फेरा चालायचा. पूर्ण गल्लीचं वेळापत्रक! आमच्या रिलीज कॅलेंडरपेक्षा नक्कीच जास्त पाळलं जाणारं.

बसायची जागा म्हणजे ओटा किंवा ओसरी. पुण्यातल्या वाड्यांना रस्त्याकडे दगडी ओटा, आत चौक, चौकाभोवती ओसरी. कोकणात पडवी. गोव्यात बल्कांव, म्हणजे दारापुढची छपराची जागा, दोन्ही बाजूंना बांधीव बाकं आणि तोंड रस्त्याकडे. ओटा आत नाही, बाहेरही नाही. जाणाऱ्याला हाक मारायची, त्याने दोन मिनिटं टेकायचं, गूळ-पाणी घ्यायचं आणि चालू लागायचं. चपला काढायचा प्रश्न नाही, 'घर आवरलेलं नाही' हा संकोच नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख छान 'गेले ते दिवस' छापाचा झाला असता. पण ओटा हा घराचा फायरवॉलही होता. कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं ते तिथे ठरायचं. किती घरांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, नाहीतर पाणी वरून ओंजळीत ओतलं जाई. तहानेच्या दिवसांत एवढं सरबत-पाणी देणारा समाज पाण्यावरूनच माणसं वेगळी करत होता. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांनी नेमक्या याच रेषेवर बोट ठेवलं. कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव 1923 मध्ये झाला. तरीही 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. त्यानंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, आणि कोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडलं. एका ओंजळीसाठी दहा वर्षं.

आणि रेषा घराच्या आतही होती. माझी आजी पन्हं अख्ख्या वाड्यात नावाजलेलं करायची. गूळ किती, हे ती बोट बुडवून ठरवायची. पण आजोबा गेल्यावर हळदीकुंकवाच्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पेले भरून द्यायची, दाराआडून मोजायची, 'अजून चार लागतील का' विचारायची. कोणी तिला 'येऊ नको' म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

असो. मग ओटा गेला कुठे?

सोपं उत्तर म्हणजे 'फ्लॅट आले'. मला ते पुरेसं वाटत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी बघा. 1920च्या दशकात सरकारने बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीत. गिरगावच्या लाकडी चाळींसारखी बाहेरची गॅलरी त्यांना नाही. मधून अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. म्हणजे जवळजवळ आमची लॉबीच! पण खोली 160 चौरस फुटांची. माणसं पॅसेजमध्ये झोपत, अभ्यास करत, भांडत, लग्नाच्या पंगती मांडत. दार बंद करणं परवडतच नव्हतं. शेजारधर्माचा बराचसा भाग जागेच्या टंचाईतून आला होता, आणि ज्यांनी तो भोगला त्यांना मोठं घर हवं होतं यात चूक काहीच नाही.

बाकी कारणं पटकन सांगतो. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, वाडे-चाळी खचत गेल्या. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुण्यात नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात गेले. मग मालकीच्या फ्लॅटचं युग. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि संध्याकाळची खुर्ची रस्त्याकडून भिंतीकडे वळली. गूळ-पाण्याची जागा तर चहाने त्याआधीच घेतली होती. 1930च्या दशकात चहावाल्यांची मंडळी प्रात्यक्षिकं दाखवत, फुकट कप वाटत फिरत होती. म्हणून मे महिन्यात घामाने निथळत आलेल्या पाहुण्यालाही आपण आधी विचारतो, 'चहा टाकू?' (माझ्या मते महाराष्ट्राचा हा सगळ्यात मोठा बग.)

तर त्या शनिवारी शेवटी आम्ही खुर्च्या मांडल्याच नाहीत. चारही दारं सताड उघडली आणि लोक आपापल्या उंबरठ्यावर बसले. मधला रस्ता मोकळा, पाटीचा मान राखला! समोरच्या काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. त्या दारातच घुटमळत होत्या, "मी नंतर येते गं" असं काहीतरी पुटपुटत. आईने करंडा घेतला, त्यांच्या दाराशी जाऊन खाली बसली आणि सगळ्यात आधी त्यांना कुंकू लावलं. मग मला म्हणाली, "बघतोस काय, पेला आण."

पन्ह्यात गूळ जरा कमी पडला होता. काकूंनीच सांगितलं.