धागा झाडाचा, पण राळ कशाची?

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत आणि नव्या घरात बाथरूमच्या दरवाजाला हमखास डब्ल्यूपीसीचा बोर्ड सुचवला जातो. लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचा हा बोर्ड भिजून फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि झाडं वाचतात, म्हणून तो ‘इको-फ्रेंडली’. ताग, काथ्या, अंबाडी, केळीचं सोपट यांचे धागे घालून केलेल्या कंपोझिटांबद्दलही हाच समज आहे: धागा झाडाचा, तेव्हा वस्तू मातीत मिसळणारी. पूर्वपक्ष असा आहे. जाणती माणसंही तो सद्हेतूने मांडतात, पण तपासायला घेतला की तो टिकत नाही.

कंपोझिटमध्ये धागा ताण पेलतो आणि त्याला धरून ठेवणारी राळ किंवा प्लॅस्टिक वस्तूला आकार देतं. पाणी, माती आणि आग यांच्याशी आधी गाठ पडते ती या धरून ठेवणाऱ्या द्रव्याची. आत गुरफटलेल्या धाग्यापर्यंत जंतू पोचतच नाहीत, तर तो कुजणार कसा?

याचा पुरावा उपनगरातल्या कोणत्याही गणपतीच्या कारखान्यात सापडेल. मोठी मूर्ती नुसत्या पीओपीची नसते. साच्यात आधी पातळ पीओपीचा थर देतात. मग नारळाचा काथ्या पिंजून, भिजवलेल्या पीओपीत बुडवून आतून थापत जातात. तडा जाण्याची भीती असेल तिथे काथ्या जास्त. त्याच्या बळावरच आतून पोकळ असलेली मूर्ती उभी राहते. शास्त्राच्या भाषेत हे वनस्पतिजन्य धाग्याचं अस्सल कंपोझिट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली, तेव्हा काथ्याकडे बोट दाखवून सवलत द्या असं म्हणणं कुणालाही पटलं नसतं, कारण विसर्जनानंतर काय उरतं ते चौपाटीवर सगळ्यांना दिसतं. मग तोच काथ्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये घातला की वस्तू हिरवी कशी होते? डब्ल्यूपीसीची गत तर याहून वाईट आहे. आपल्याकडच्या बहुतेक बोर्डांत भुशाला धरून ठेवतं ते पीव्हीसी, जे जाळलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं.

सनमायका घ्या. कापलेल्या तुकड्याची कड पाहिली तर एकावर एक दाबलेले तपकिरी थर दिसतात. तो क्राफ्ट कागद, म्हणजे झाडाचाच तंतू, फिनॉलिक राळेत भिजवून गरम दाबाखाली बसवलेला. आपण पिढ्यान् पिढ्या वनस्पतीच्या धाग्याचं कंपोझिट स्वयंपाकघरात वापरतो आहोत. घर पाडलं की ते राडारोड्यात जातं आणि तिथे कुजत नाही. पूर्व जर्मनीत १९५७ पासून बनणाऱ्या ट्राबांट मोटारीचं बाहेरचं अंग कापसाच्या टाकाऊ धाग्याचं आणि फिनॉलिक राळेचं होतं. ते गंजत नसे, याचं कौतुक होतं. एकीकरणानंतर गाड्या भंगारात निघाल्या, तेव्हा लोखंड वितळवता आलं; हे अंग मात्र वितळेना.

यावर प्रतिपक्षाचं सर्वांत बळकट उत्तर असं: राळही वनस्पतीचीच घ्या. कोकणात काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलापासून उत्तम राळ होते. ब्रेक लायनिंगमध्ये हे तेल फार पूर्वीपासून वापरात आहे. पण फॉर्माल्डिहाइडशी संयोग होऊन ती एकदा घट्ट झाली की तिचं रेणूंचं जाळं फिनॉलिकसारखंच अतूट होतं. कच्चा माल कुठून आला आणि वस्तू शेवटी कशी विरते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मक्यासारख्या पिकांपासून होणारं पीएलए हे प्लॅस्टिक विरतं खरं, पण त्याला सुमारे ६० अंशांची उष्णता आणि कंपोस्टिंगचा खास प्रकल्प लागतो. सोसायटीच्या खताच्या पिंपात ते तसंच राहतं.

पण म्हणून धागा टाकाऊ ठरत नाही. त्याचं खरं मोल दुसरीकडे आहे. काच-धाग्यासाठी काच सुमारे १,४०० अंशांच्या पुढे वितळवावी लागते, तागाला शेत पुरतं. काचेची घनता २.५ च्या आसपास, तागाची १.४ च्या; त्यामुळे मोटारीच्या दाराचं आतलं पॅनेल हलकं होतं आणि गाडी चालेल तितके दिवस इंधन वाचतं. माटुंग्याच्या १९२४ पासूनच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने, आजच्या ‘सिरकॉट’ने, पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांपासून, पार्टिकल बोर्ड करून दाखवले. विदर्भात बांधावर जळणाऱ्या पऱ्हाटीला दाम मिळणं हा लाभ मला कुजण्याच्या दाव्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. असा बोर्ड तीस वर्षं टिकावा, हीच त्याची हिरवाई. उलट एकदा वापरून टाकायच्या वस्तूत धागा आणि प्लॅस्टिक एकजीव केलं, तर ते ओल्या कचऱ्यातही बसत नाही आणि सुक्या कचऱ्यातही नीट वेगळं होत नाही.

पुनर्विकासाच्या करारात सोसायट्या टाइल्सचा ब्रँड लिहून घेतात. तिथेच बोर्डाबद्दलही लिहून घेता येईल: भुसा किती टक्के, पीव्हीसी किती, राळ कोणती, फॉर्माल्डिहाइडचा वर्ग ई-० की ई-१, आणि काढून टाकलेला बोर्ड परत कोण घेणार.