चाकणची वही आणि टॉरेंट

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, असे परंपरा सांगते. तरी अभंग उरले, कारण ते अनेकांपाशी होते. चाकणच्या संताजी जगनाडे यांनी ते लिहून ठेवले. त्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये गाथा छापली.

२००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी काढलेल्या बिटटॉरेंटचे तत्त्वही हेच. फाइलचे तुकडे करायचे. ज्याला जो तुकडा मिळाला, त्याने तो पुढच्याला द्यायचा.

मग प्रोग्राम कोणता घ्यावा? २००५ चा यूटॉरेंट आटोपशीर म्हणून गाजला. पुढे त्यात जाहिराती शिरल्या. २०१५ मध्ये तर त्याच्यासोबत बिटकॉइनसारखे आभासी चलन मिळवणारे भलतेच सॉफ्टवेअर संगणकात शिरते, अशा तक्रारी झाल्या. म्हणून ज्याचा सोर्स कोड कुणालाही तपासता येतो, तो निवडावा: घरच्या संगणकावर क्यूबिटटॉरेंट, अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर ट्रान्समिशन, अँड्रॉइड फोनवर लिबरटॉरेंट.

लिनक्स किंवा हक्कमुक्त जुनी पुस्तके जरूर उतरवा. कुणाच्या हक्काचे मात्र नको. आणि आपले काम झाले की लगेच बंद करू नका. देणारे उठून गेले, की फाइलही संपते.