भाड्याची भिंत आणि टांगलेला कागद

भिंतीला नक्षीदार कागद चिकटविण्याची चाल युरोपात फैलावली ती यंत्राच्या बळावर. 1799 साली फ्रान्समध्ये लुई-निकोला रोबेर याने अखंड कागद काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. इंग्लंडात अशा कागदावर 1712 साली बसलेला कर 1836 मध्ये उठला. मग तो सामान्यांच्या घरांत शिरला. आपल्या गिरगाव-परळच्या चाळींत मात्र तो रुजला नाही. असे का व्हावे? दारिद्र्य हे सोपे उत्तर झाले. पण ते पुरते नव्हे.

पहिले कारण हवेचे. हा कागद पिठाच्या खळीने लावतात आणि त्याला भिंत कोरडी लागते. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने भिंत ओल धरते, चुन्याचे पापुद्रे सुटतात, खळीला झुरळे व कसर लागते. त्यापेक्षा सणापूर्वी चुन्याचा नवा हात देणे बरे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उद्भवला. सरकारी पथके घरांत शिरली. भिंती औषधी पाण्याने धुऊन त्यांवर चुना फासण्यात आला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या जागांवर तशा अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगविली गेली. 1898 साली स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने पुढे दाट वस्त्या पाडून रस्ते काढले. अशा शहरात भाडेकऱ्याने भिंतीचा भरवसा तो किती धरावा?

तरीही कागद घरात आलाच. पण तो टांगण्यासाठी! पुण्याची चित्रशाळा 1878 पासून चित्रे छापीत होती. 1894 साली राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना गिरगावात निघाला; पुढे तो मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी खिळ्यावर चढल्या. चुना देताना त्या उतरविता येत आणि बिऱ्हाड हलले की बरोबर नेता येत. पुढे दिनदर्शिकाही त्याच खिळ्याला लागल्या.

आज बी. डी. डी. चाळींच्या 160 चौरस फुटांच्या खोल्या सोडून कुटुंबे नव्या इमारतींत जात आहेत. आता भिंत स्वतःची आहे. तिला हवा तो कागद खुशाल लावावा. आमची विनंती एवढीच, की जुनी तसबीर रद्दीत टाकण्यापूर्वी तिच्या तळाशी पाहावे. तेथे छापखान्याचे नाव पुष्कळदा असते. ते, आणि ती तसबीर घरात कोणी व केव्हा आणली हे, वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवावे. चाळ पडल्यावर ते सांगणारी दुसरी भिंत उरणार नाही.