जात्याचा दगड आणि कोकणचा जुना व्यापार

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख व नाणी ह्यांचीच नावे पुढे येतात. माजघरातील जात्याकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः नाणे वितळविता येते, कागदास कसर लागते. दगड मात्र टिकतो, आणि तो कोणत्या खडकाचा हे जाणत्यास ओळखता येते.

रत्नागिरीच्या सड्यावर सर्वत्र जांभा. घराच्या चिऱ्यांस तो उत्तम. पण सच्छिद्र व ठिसूळ असल्याने दळणास निरुपयोगी. म्हणून आपल्या आज्यांनी नाचणी दळली ती काळ्या दगडाच्या जात्यावर. हा दगड जांभ्याखाली व सह्याद्रीच्या कड्यांत विपुल आहे. तेव्हा रत्नागिरीत काळे जाते मिळाले एवढ्यावरून दूरचा व्यापार सिद्ध होत नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. मात्र १९८१ पर्यंत ह्याच जिल्ह्यात असलेल्या वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याकडे खडक पालटतो. तेथील जुन्या घरात काळवथरी जाते असेल, तर ते बहुधा घाटावरून बैलाच्या पाठीवर किंवा उत्तरेकडून गलबतातून आलेले असावे.

जड दगड गलबतात कोण भरील, अशी शंका वाचकांस येईल. सायप्रस बेटाजवळ इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास बुडालेले एक ग्रीक व्यापारी जहाज १९६५ साली सापडले. त्यात मद्याचे सुमारे ४०० रांजण, हजारो बदाम आणि दळणाचे २९ दगड होते. ते दगड दूरच्या ज्वालामुखी बेटावरचे. जहाज तोलण्यास तळाशी भार लागतोच. आपले खलाशी त्यास नीरम म्हणतात. नीरम म्हणून घातलेला दगड बंदरात विकला गेला, तर व्यापाऱ्याचा दुहेरी लाभ!

दगडाप्रमाणेच घडणही बोलते. अतिप्राचीन काळी धान्य पाट्यासारख्या दगडावर पुढेमागे रगडीत. वरची तळी खुंट्याने गरगर फिरविण्याची युक्ती भूमध्यसागराच्या पश्चिमेस इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास दिसते. इकडे डॉ. सांकलिया व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत फिरती जाती मिळाली. त्याच वस्तीत रोमन मद्यकुंभांची खापरेही मिळाली. फिरते जाते पाश्चात्त्यांच्या संपर्काने आले असावे, असा तर्क ह्यावरून निघाला. तर्क मोहक आहे; तथापि एकत्र सापडणे म्हणजे एकत्र येणे नव्हे, असे आमचे मत आहे.

पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची नावे आहेत. त्यांपैकी काही विद्वान दाभोळ-जयगडाच्या परिसरात शोधतात. ह्या खाड्यांतून घाटमाथ्याकडे वाटा जातात, तेव्हा किनाऱ्याची जाती तपासणे अगत्याचे आहे.

आज जुनी घरे पाडली जात आहेत आणि जाती अंगणाची पायरी होत आहेत, किंवा शोभेसाठी विकली जात आहेत. ज्ञातिबांधवांस विनंती की, जाते हलविण्यापूर्वी त्याचा व्यास, दगडाचा रंग व टाकीच्या खुणा वहीत टिपाव्यात, आणि ते कोणाच्या माहेराहून वा कोणत्या बाजारातून आले हे घरातील वडील स्त्रियांस विचारून घ्यावे.