पावतीवरचा नंबर

‘दुकानात जा, गर्दी बघा, मग शेअरचा विचार करा’: पीटर लिंचच्या १९८९च्या पुस्तकापासून छोट्या गुंतवणूकदारांमध्ये हा सल्ला रुळलाय. लकिन कॉफी या चिनी कंपनीच्या बाबतीत तो अपुरा पडला. मे २०१९मध्ये ती नॅस्डॅकवर आली. दुकानं खरी, कॉफी खरी, गिऱ्हाईकंही खरी. खोटा होता तो विक्रीचा आकडा.

३१ जानेवारी २०२०ला मडी वॉटर्सनं एक निनावी अहवाल पुढे आणला. (त्यांनी स्वतः शेअर पडण्यावर पैसे लावले होते, हेही ध्यानात असू द्या.) अहवालासाठी ११,२६० तासांचं चित्रीकरण आणि २५,८४३ पावत्या जमवल्या होत्या. ऑर्डरचे नंबर सलग नव्हतेच, मधले गाळलेले! म्हणजे सकाळच्या आणि रात्रीच्या पावतीची नुसती वजाबाकी केली असती, तर उत्तर फुगलेलंच आलं असतं. व्हिडिओतली मोजणी स्वतंत्र होती म्हणून फरक सापडला. आपल्या लॅबच्या भाषेत, काट्याचं कॅलिब्रेशन त्याच काट्यानं होत नाही.

कंपनीनं आधी सगळं नाकारलं. २ एप्रिलला मात्र तिनंच सुमारे २.२ अब्ज युआनची विक्री बनावट असल्याचं जाहीर केलं. जूनअखेर नॅस्डॅकवरचे व्यवहार थांबले. कॉफीची दुकानं चालूच राहिली.