घोटभर पाणी

परवा मित्राशी वाद झाला. आयर्नमॅन पायांच्या जोरावर जिंकतात की पोटाच्या? मी पोटाच्या बाजूने. माझा पुरावा, पॉला न्यूबी-फ्रेझर.

हवाई बेटांवरच्या कोनाची ही शर्यत म्हणजे 3.8 किमी पोहणं, 180 किमी सायकल आणि वर 42.2 किमी धावणं. 1995 पर्यंत पॉलाने ती तब्बल सात वेळा जिंकली होती. त्या वर्षीही सायकलवरून उतरताना ती कॅरन स्मायर्सच्या दहाएक मिनिटं पुढे होती. पण धावताना कॅरन जवळ येत गेली, आणि घाईघाईत पॉलाने वाटेतली पाण्याची टेबलं न थांबता मागे टाकली. वाचले असतील काही सेकंद. शेवटची रेषा काही शे मीटरवर असताना बाई रस्त्यातच कोसळली! कॅरन जिंकली. पॉला बऱ्याच वेळाने उठली आणि अनवाणी चालत चौथी आली.

हिशोब साधा आहे. शरीरातलं ग्लायकोजेन साधारण 2000 कॅलरींचं, आणि शर्यतीला लागतं त्याच्या कितीतरी पट. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा निघते सावकाश. वर घामातून पाणी जातं ते वेगळंच. म्हणून आज ताशी 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं घ्यायला सांगतात, तेही सरावातच पोटाला सवय लावून. शर्यतीच्या दिवशी नवे प्रयोग नकोत.

1996 ला पॉला त्याच रस्त्यावर परत आली आणि 9 तास 6 मिनिटं 49 सेकंदांत आठव्यांदा जिंकली. कोनातला आठचा आकडा अजून कोणी गाठलेला नाही.

मित्र अजून पायांच्याच बाजूने आहे. असो!